एक नंबरचा बिल्ला

धाकटीची कालवं पुन्हा वाढली होती. मोजणीवाल्या बाईंनी मापाची पट्टी खाली ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात आकडा सांगितला, तेव्हा थोरलीने टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते, तिला वाजवणं भाग होतं. पण तिचे तळहात एकमेकांना जेमतेम लागत होते.

"अय्या, खरंच?" धाकटी म्हणाली आणि खळखळून हसली. "मी तर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही हो!"

नेमकं हेच थोरलीला सहन होत नसे. वाढायचं तर वाढा म्हणावं, पण निदान कोणीतरी त्यामागे राबलंय असं तरी दिसू दे! ती स्वतः दर रविवारी पिंजरे वर काढायची, ब्रशने घासायची, जाळीच्या एकेका भोकातलं शेवाळ काडीने टोकरून काढायची. आणि तिच्या कालवांची वाढ? आठव्या महिन्यात जी खुंटली ती खुंटलीच. दोनशे पिल्लं मिळाली होती, त्यातली सव्वाशे उरली होती, तीही रडतखडत. उलट धाकटीचे पिंजरे महिनोन्महिने शेवाळाच्या दाढ्या वाढवून पाण्यात लोंबकळत असायचे आणि आतली कालवं मात्र तळहाताएवढी.

आता हे कालवांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. समुद्राचा एक फाटा गावात आत शिरला होता, त्याला सगळे खाडी म्हणत. एके काळी तिच्या पायऱ्यांवर बसून तळाचे खडे मोजता यायचे. पुढे पाणी गढूळ झालं, मग हिरवट झालं, आणि सहा वर्षांपूर्वी एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले. त्या आठवड्यात थोरलीने काठावरच्या घरांची दारं ठोठावायला सुरुवात केली. लोकांनी टाळलं, हसण्यावारी नेलं, एकाने तर तोंडावर दार लावलं. पण ही बाई हाती घेतलेलं काम सोडणारी नव्हती. तिने समिती उभी केली, अर्ज लिहिले, वरच्या टोकाचं मोठं गटार बंद करायला लावलं. आणि मग मोजणीवाल्या बाई आल्या. आयुष्यभर प्रयोगशाळेत पाणी तपासून निवृत्त झालेल्या, आणि निवृत्तीनंतरही पाण्याशिवाय दुसरा विषय नसलेल्या.

कालवांची कल्पना त्यांची. कालव हा मोठा गुणी जीव, असं त्या सांगत. शिंपला किलकिला करतो, पाणी आत घेतो, त्यातली घाण गाळून ठेवतो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. एकेक कालव दिवसाला कितीतरी बादल्या पाणी गाळतं. तेव्हा चाळीस घरांनी आपापल्या पायऱ्यांखाली दोन-दोन पिंजरे टांगायचे, त्यात कालवांची पिल्लं वाढवायची, दर तीन महिन्यांनी शेडमध्ये आणून मोजायची. खायची नाहीत, विकायची नाहीत. दोन वर्षांनी ज्या घराच्या पाण्यात ती सगळ्यांत चांगली वाढतील त्या घरासमोर दगड रचायचे आणि चाळीसही घरांची कालवं तिथे ओतायची. मग त्यांना पिल्लं होतील, पिल्लं दगडांना चिकटतील, वसाहत वाढेल. बंदराच्या कचेरीने परवानगी दिली होती ती एकाच जागेची. आणि कालव एकदा दगडाला चिकटलं की मेलं तरी जागा सोडत नाही, त्यामुळे जागा चुकली तर सगळंच चुकलं.

ती जागा आपल्या पायऱ्यांसमोर असावी, एवढीच थोरलीची इच्छा होती. सकाळी उठून चहाचा कप घेऊन खिडकीशी यावं आणि समोर आपली वसाहत दिसावी. कोणी नवखा आला की लोकांनी बोट दाखवून सांगावं, ही तिने उभी केली. प्रत्येक घराच्या पिंजऱ्यांना प्लॅस्टिकचे पिवळे बिल्ले तारेने बांधलेले असत. थोरलीच्या बिल्ल्यावर एक नंबर होता, कारण नाव नोंदवणारी पहिली तीच. धाकटीचा सदतिसावा. तीही आली ती "मलाही द्या ना, किती गोड दिसतात!" असं म्हणत.

तसं पाहिलं तर दोघी सख्ख्या जावा. दोघा भावांची घरं शेजारी शेजारी, मध्ये थेट पाण्यात उतरत गेलेली दगडी भिंत. भिंतीच्या अलीकडे थोरलीचा नवरा बोटी दुरुस्त करायचा. सिमेंटच्या उतारावर बोट ओढून घ्यायची, तिच्या बुडाचा जुना तांबडा रंग खरवडायचा, नवा तांबडा रंग लावायचा, हे त्याचं काम. समितीतल्या निम्म्या लोकांच्या बोटी त्याच उतारावर येत. संध्याकाळी त्याने हत्यारं ठेवली की थोरली नळी घेऊन उतार धुऊन काढायची. असा लखलखीत की म्हणे त्यावर पान मांडून जेवावं. भिंतीच्या पलीकडे धाकटी लॉजच्या चादरी धुऊन द्यायची. तिकडे कधीही पाहा, दोऱ्यांवर चादरी फडफडत असायच्या, बादल्या इकडे तिकडे लवंडलेल्या असायच्या आणि धाकटी कोणाशी तरी हसत असायची.

त्या हसण्याने थोरलीच्या अंगाचा नऊ वर्षं तिळपापड होत होता. लग्न होऊन आली तेव्हापासून हिने हसून हसून माणसं खिशात घातली. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं थोरलीने केलं, आणि शेवटच्या दिवसांत त्या विचारायच्या, "धाकटी कुठाय? तिला म्हणावं जरा बस माझ्यापाशी." थोरलीचा नवरा घरात दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन "चहा" आणि "पक्कड" अशी असायची, पण भिंतीवरून धाकटीने काही म्हटलं की हा माणूस चक्क हसायचा. इतकंच काय, थोरलीने दूध पाजून वाढवलेलं मांजर एके दिवशी भिंतीवरून उडी मारून पलीकडे गेलं ते गेलंच. माणसांचं एक वेळ समजू शकतं, पण मांजरानेही?

शेवटच्या मोजणीच्या दिवशी सकाळीच धाकटी भिंतीशी धापा टाकत आली. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"ताई, एक काम कराल? माझे पिंजरेही तुमच्या गाडीवरून न्याल का? लॉजवाल्याने आजच्या आज तीस चादरी मागितल्यात. मी मागाहून येतेच."

"ने म्हटलं की नेते मी," थोरली म्हणाली. "नाहीतरी तुझं सगळं मलाच ओढावं लागतं."

"म्हणून तर तुम्ही ताई!" असं म्हणून ती हसत पळाली.

थोरलीने आपले पिंजरे वर काढले. ते एका हातात आले. मग भिंतीला वळसा घालून ती धाकटीच्या पायऱ्या उतरली आणि तिचे पिंजरे ओढायला लागली, तर दोन्ही हात लावावे लागले. चारही पिंजरे ओल्या पोत्यात गुंडाळून तिने हातगाडीवर ठेवले आणि निघाली. बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत चढ होता. गाडी एका बाजूला कलत होती. धाकटीच्या बाजूला. अर्ध्या चढावर ती दम खायला थांबली, आणि त्या वजनानेच तिचा घात केला. दोन वर्षांचे रविवार तिच्या डोळ्यांसमोर आले. आज संध्याकाळपर्यंत सदतीस नंबर पहिला येणार, दगड धाकटीच्या दारात पडणार, आणि धाकटी म्हणणार, मी तर काहीच केलं नाही हो!

तारा आवळायला म्हणून पक्कड तिच्या एप्रनच्या खिशात कायम असायची. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. तिने पोती बाजूला केली, चारही पिंजऱ्यांवरच्या तारांचे पीळ सोडले, बिल्ले इकडचे तिकडे केले आणि पुन्हा पीळ दिले. एक चहा उतू जायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मग गाडी उचलली आणि शेडमध्ये पोहोचेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

शेडमध्ये नेहमीची पद्धत होती. पिंजरे आले की समितीतल्या दोघी-तिघी ते पाइपाने धुऊन, घासून लख्ख करत, कालवं ताटांत ओतून मोजत आणि पुन्हा भरत. धुतल्यावर चाळीस घरांचे पिंजरे सारखेच दिसत. कोणाचा कुठला ते सांगणारा एकच, पिवळा बिल्ला.

"एक नंबर," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या, आणि थांबल्या. पुन्हा मोजलं. "एकशे शहाऐंशी जिवंत! थोरल्या वहिनी, अहो, काय केलंत काय तुम्ही?"

शेडभर टाळ्या. थोरलीने मान खाली घातली. लाजेने घातली असं लोकांना वाटलं, आणि खरं म्हणजे तसं होतंही थोडं.

मग सदतीस नंबरचं ताट आलं. शंभराच्या आसपास जिवंत, काठ जाडजूड होऊन मुडपलेले, नवी वाढ कुठेच नाही. धाकटी तेवढ्यातच येऊन पोहोचली होती, हात अजून ओले होते. तिने ताटाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं.

"ही माझी?"

"तीन महिन्यांपूर्वी इतकी छान होती," बाई काळजीने म्हणाल्या. "काहीतरी बिनसलंय. तुझ्या बाजूने पाण्यात काही नवीन गेलं का ग?"

"नवीन काही नाही. म्हणजे... मी वर काढूनच पाहिले नव्हते हो..."

इथे थोरलीने गप्प बसायला हवं होतं. पीळ सोडून पीळ दिले होते तेवढ्यावर थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण जीभ आवरली नाही. "हल्ली तू तो निळ्या कॅनमधला साबण आणतेस ना ग?" तिने विचारलं, आणि विचारलं तेही अगदी मायेने.

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. "हो," ती म्हणाली. "दोन महिने झाले. स्वस्त मिळतो म्हणून."

कोणीच तिला बोललं नाही. बोलायची गरजच उरली नव्हती.

दगड थोरलीच्या पायऱ्यांसमोर रचायचं ठरलं. तीन आठवड्यांनी मोठी भरती होती, त्या सकाळी चाळीस घरांचे पिंजरे तिथे ओतायचे. वसाहतीचा फलक रंगवायला गेला. रस्त्यात माणसं थांबून थोरलीचं अभिनंदन करू लागली. पण गंमत बघा, दोन वाक्यं अभिनंदनाची झाली की तिसरं वाक्य ठरलेलं. "धाकटीचं मात्र वाईट वाटलं हो. बिचारीने किती मनाला लावून घेतलंय." कोणी तिच्याकडे केक नेऊन दिला, कोणी फुलांची कुंडी. म्हणजे जिंकले मी, आणि लाड हिचे! थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. हरण्यातही हिचा पहिला नंबर.

धाकटीने निळा कॅन परत केला. एवढ्यावर ती थांबली नाही. घरी चादरी धुणंच तिने बंद केलं. रोज सकाळी ओल्या-सुक्या चादरींच्या टोपल्या घेऊन ती टेकडीवरच्या सार्वजनिक नळावर जायची, कारण तिथलं पाणी खाडीत येत नसे. दीडशे पायऱ्या चढायच्या, दीडशे उतरायच्या. थोरली खिडकीतून पाहायची. पहिले दोन दिवस तिला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी धाकटी मधल्या वळणावर टोपली टेकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली दिसली, तेव्हा थोरलीने पडदा ओढून घेतला.

ओतायच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, थोरली नेहमीसारखा उतार धूत होती. उद्या सगळं गाव इथे लोटणार, म्हणून जरा जास्तच निगुतीने. तेवढ्यात भिंतीवरून धाकटीचं डोकं वर आलं.

"ताई! ताई, हे बघा ना!"

तिच्या तळहातावर एक कालव होतं. जुना मुडपलेला काठ, आणि त्याच्या बाहेर नव्या वाढीची कागदासारखी पातळ, पांढरीशुभ्र किनार.

"सुधारताहेत! जवळजवळ सगळीच! मी दर रविवारी घासते आता, तुम्ही करता तसं. तुमचं बघून शिकले." ती हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "उद्या माझीही ओतता येतील, नाही?"

थोरलीला आधी भीती वाटली नाही, पश्चात्तापही झाला नाही. आधी वाटली ती असूया, तीही सणसणीत. ही माझी कालवं! माझ्या हाताखाली दोन वर्षं कुढत बसली आणि हिच्याकडे गेल्या गेल्या बाळसं धरतात! मांजर गेलं, सासूबाई गेल्या, आता कालवंही!

मग तिला आपल्या पिंजऱ्यांची आठवण झाली. मोजणीनंतर एकाही रविवारी तिने ते वर काढले नव्हते. वाहती नळी तशीच टाकून ती पायऱ्या उतरली आणि दोर ओढला. पिंजरा वर आला तसा वासही आला. गेल्या महिन्यात टाळ्या घेणारी ती तळहाताएवढी कालवं. त्यातली कितीतरी उघडी पडली होती. जिवंत कालवाला टिचकी मारली की ते शिंपला घट्ट मिटून घेतं. तिने एकाला टिचकी मारली, दुसऱ्याला मारली, दहाव्याला मारली. मिटायचं नाव नाही.

ती पायरीवरच बसली. वर नळी वाहत होती. उतारावरून तांबूस पाण्याचा ओघळ तिच्या पावलाला वळसा घालून खाली आला आणि पिंजऱ्यांच्या दोरांमधून पाण्यात शिरला. तसा तो रोज संध्याकाळी शिरत होता. ती रोज तो पाहत होती, आणि उतार स्वच्छ झाला म्हणून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती.

"अहो," तिने हाक मारली. नवरा ब्रश पुसत उतारावर आला. "या रंगात असतं तरी काय?"

"तांबं," तो म्हणाला.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? बोटीच्या बुडाला कालवं-शिंपले चिकटू नयेत म्हणून. चिकटायला आलं की मरतं. त्यासाठीच तर लोक हा रंग लावून घेतात."

थोरलीने वळून त्याच्याकडे पाहिलं. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू आज विचारलंस." त्याने पाण्यात उतरणाऱ्या ओघळाकडे पाहिलं. त्याच्याही डोक्यात हळूहळू उजेड पडत असावा. "मला वाटायचं, समुद्र एवढा मोठा. चिमूटभर धूळ ती काय. मी तर झाडूनच ठेवायचो ग आधी. तूच म्हणालीस, उतार धुतलेला दिसायला हवा."

"उद्यापासून ताडपत्री अंथरू," ती घाईने म्हणाली. "सगळं कोरडं गोळा करू. एक थेंब जाऊ द्यायचा नाही. मग होईल ना पाणी चांगलं?"

"वरचं होईल. पण तळाशी बसलंय त्याचं काय? ओहोटीला बघ कधी. आपल्या बाजूचा गाळ लाल आहे." त्याने भिंतीकडे मान हलवली. "भिंत आहे म्हणून पलीकडे गेलं नाही, एवढंच."

त्याने नळी बंद केली आणि आत गेला. थोरली तिथेच बसून राहिली. अंधार पडायला लागल्यावर उठली, दोघांचं ताट केलं, भांडी आवरली आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगायचं तर काय सांगायचं? कालवं आपल्याकडे मरतात एवढं सांगितलं, तर पुढचा प्रश्न येणारच, की मग एक नंबरची एकशे शहाऐंशी कुठून आली?

सकाळी भरती आली आणि भरतीबरोबर होड्या. चाळीस घरांची माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेले पिंजरे. पायऱ्यांसमोर पाण्याखाली दगडांचा ढीग रचून तयार होता, चहूबाजूंनी नारिंगी पिंपं तरंगत होती. नवा फलक रंगाच्या वासासकट भिंतीला टेकवून ठेवला होता. धाकटी आपले दोन पिंजरे घेऊन भिंतीजवळ मागेच उभी राहिली, जणू तिला तिथे असायचा फारसा अधिकार नव्हता.

"पहिला पिंजरा एक नंबरचा," मोजणीवाल्या बाई म्हणाल्या. "थोरल्या वहिनींनी सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याच हातून होऊ दे."

थोरलीने पिंजरा उचलला. मेलेली कालवं तिने पहाटे वेचून टाकली होती, त्यामुळे पिंजरा हलका होता. तिने दार उघडलं. होड्यांमधून चाळीस घरं तिच्याकडे पाहत होती. आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं आणि धाकटीकडे कोणीच पाहत नव्हतं. एकदा पिंजरा उलटा केला की झालं. नंतर मेली तर म्हणता येईल, पाणीच वाईट. म्हणता येईल, कोणीतरी साबण ओतला असेल.

"थांबा," ती म्हणाली.

आवाज कोणालाच ऐकू गेला नाही, म्हणून तिला तो शब्द पुन्हा म्हणावा लागला, आणि दुसऱ्यांदा म्हणणं फार जड गेलं.

"इथे ओतू नका. इथे जगणार नाहीत. आमच्या उतारावरून रंग येतो, तो विषारी आहे. तळाच्या गाळात उतरलाय." तिने श्वास घेतला. "आणि ही माझी नाहीत. मोजणीच्या दिवशी मी बिल्ले बदलले. मेलेली होती ती माझी. वाढलेली तिची."

मोजणीवाल्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. थोरलीचा नवरा उतारावर उभा होता. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग होड्यांमधून कुजबुज सुरू झाली, एकजण मोठ्याने काही बोलला, दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

धाकटी पुढे आली. थोरलीने मनाची तयारी केली होती. शिव्या देईल, रडेल, नऊ वर्षांचं उट्टं काढेल. काढू दे. पण धाकटीने विचारलं ते भलतंच.

"म्हणजे माझ्या साबणाने नाही मेली?"

"नाही."

धाकटीचे डोळे भरून आले. तिने डोळे मिटून घेतले आणि छातीतून असा एक सुस्कारा सोडला की जणू तीन आठवड्यांच्या टोपल्या एकदम खाली ठेवल्या. ते पाहताना थोरलीला कळलं की आपल्याला तिचं हसणं कधी खुपलंच नव्हतं. खुपत होतं ते तिचं हे निर्मळ मन. ते रविवारी रविवारी घासून मिळत नाही.

मग धाकटीने डोळे उघडले, आणि तिला बाकीचंही उमगलं. ते तिच्या चेहऱ्यावर येताना दिसलं.

"पण साबणाचं तुम्हीच म्हणालात," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी रोज टेकडी चढत होते. तुम्ही खिडकीतून बघत होतात."

थोरलीने हातातला पिंजरा पायरीवर ठेवला.

"बिल्ले परत बदला," धाकटी म्हणाली.

थोरलीने खिशातून पक्कड काढली. तारेचा पीळ सुटता सुटेना. शेवटी धाकटीनेच पक्कड घेतली, चारही पिंजऱ्यांचे बिल्ले सोडवले, आपले आपल्याकडे घेतले आणि एक नंबरचे दोन्ही तिच्या हातावर ठेवले. पक्कड पायरीवर ठेवली. आणि ताई असं न म्हणताच वळून गेली.

पुढच्या मोठ्या भरतीच्या आत गावाने दगड एकेक करून उचलले, भिंतीपलीकडे धाकटीच्या पायऱ्यांसमोर रचले आणि कालवं तिथे ओतली. थोरलीच्या नवऱ्याने दोन दिवस कंबरभर पाण्यात उभं राहून दगड दिले. त्याला कोणी नको म्हटलं नाही. समितीने उतारावर ताडपत्री बंधनकारक केली, फक्त त्याच्याच नव्हे, खाडीवरच्या पाचही उतारांवर. थोरलीला समितीतून काढा असं दोघा-तिघांनी म्हटलं. मोजणीवाल्या बाई म्हणाल्या, "काढा. पण मग त्या चार उतारवाल्यांच्या दारात रोज उभं कोण राहणार, तेही ठरवा." त्यावर विषय तिथेच थांबला.

आता थोरली संध्याकाळी उतार धूत नाही. ताडपत्रीवरची तांबडी धूळ कुंच्याने कोरडीच गोळा करते, पोत्यात भरते, तोंड बांधते. उतारावर तांबडे डाग राहतात. राहू देते.

एका संध्याकाळी पोत्याचं तोंड बांधताना तिला पलीकडून हसणं ऐकू आलं. तेच खळखळून. इतक्या दिवसांत भिंतीच्या या बाजूला ते एकदाही आलं नव्हतं. धाकटी वाटेत भेटली तर बाजूला होई, विचारलं तेवढ्याचं उत्तर देई, आणि पुढे जाई. थोरली कुंचा खाली ठेवून भिंतीशी गेली आणि टाचा उंचावून पाहिलं. धाकटी एकटीच पायरीवर बसली होती. मांजर मांडीवर, पाय पाण्यात. पाणी अजून नितळ नव्हतं, पण वरचे दगड दिसू लागले होते, आणि त्यांच्यावरची कालवं. त्यांच्याकडे वाकून ती काहीतरी सांगत होती आणि हसत होती.

थोरली कितीतरी वेळ तशीच टाचांवर उभी राहिली. आणि तिला त्या कालवांचा हेवा वाटला.